बारावं फ्रॅक्चर

लातूरची माणसं अलीकडे फार हळू बोलायला लागली आहेत, असं वर्षाराणीचं ठाम मत होतं. पूर्वी अशी नव्हती. पूर्वी गंजगोलाईत कुणी मेथीच्या जुडीवरून घासाघीस करायला लागला की औसा रोडपर्यंत कळायचं. आता जो तो दुकानात येतो, ओठ हलवतो आणि समोरच्यानं समजून घ्यावं अशी अपेक्षा धरतो. मोबाइलमुळे झालं असणार, असं तिला वाटे. दिवसभर तोंडाशी डबी धरून कुजबुजायची सवय लागली की आवाज बसणारच. या मताला तिच्याकडे पुरावाही होता. दुकानात ग्राइंडर चालू असला की गिऱ्हाइकाचं बोलणं तिला नीट कळे आणि ग्राइंडर थांबला की कळेनासं होई. म्हणजे मनावर घेतलं तर लोकांना मोठ्यानं बोलता येत होतं. ते मनावर घेत नव्हते, एवढंच.

स्वतःच्या कानांवर शंका घ्यायचं तिला काही कारण नव्हतं. मोटर रिवाइंडिंगची दुकानं लातुरात पुष्कळ, पण मोटारीचं दुखणं नुसतं ऐकून सांगणारी वर्षाराणी एकच. तिची पद्धत साधी होती. मोटर चालू करायची, लांब पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग दहाएक सेकंदांनी निकाल. "पुढलं गेलंय. मागलं अजून एक हंगाम चालंल." मोटर खोलली की तसंच निघे. निलंग्यापासून शिरूर अनंतपाळपर्यंतचे शेतकरी मोटारी घेऊन तिच्याकडे येत, ते या कानासाठी. असा कान असलेल्या बाईनं समोरच्या माणसाचं बोलणं कळलं नाही म्हणून स्वतःला दोष द्यावा, हे तिच्या तर्कात बसत नव्हतं.

तिची हाडं मात्र काचेची होती, आणि ते ती कुणापासून लपवत नव्हती. उंची चार फूट एक इंच, डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा नसून निळसर. बाप ईश्वरप्पा तसाच, त्याची आई तशीच. त्या घरात वर्षं कॅलेंडरवरून मोजत नसत. "डावी मांडी मोडली त्या साली" म्हटलं की सगळ्यांना काळ कळे. किल्लारीच्या भूकंपात त्यांचं घर शाबूत राहिलं, पण तीन वर्षांच्या वर्षाराणीला घाईनं बाहेर ओढताना तिचा हात मोडला. सातवीत असताना नुसत्या शिंकेनं बरगडी गेली. अशी तिची एकूण अकरा फ्रॅक्चर झाली, त्यातली नऊ सोळाव्या वर्षाच्या आत. लग्नाचं तिनं मनावर घेतलं नाही, आणि ज्यांनी घेतलं त्यांनी तिला जिना उतरताना एकदा पाहिलं आणि विषय सोडून दिला.

हाड मोडण्यात मान होता. प्लास्टर घातलं की शेजारपाजार दूध घेऊन येई, नातेवाईक प्लास्टरवर नावं लिहीत, शाळेला सुट्टी मिळे. बहिऱ्या माणसाच्या वाट्याला यातलं काही येत नाही. त्याच्या पाठीमागे पोरं तोंडं वेडावतात आणि मोठी माणसं समोरच हसतात. त्यामुळे हाडांची गोष्ट ईश्वरप्पाच्या घरात अभिमानानं सांगितली जाई आणि कानांची कधीच नाही. ईश्वरप्पा पंधरा वर्षांपासून ठार बहिरा होता, पण त्याला कारण ग्राइंडर, असं घरात ठरलं होतं. त्याची आईही बहिरी होती. ती म्हातारपणामुळे झाली असं सांगत. तेव्हा म्हातारीचं वय अडतीस होतं.

ईश्वरप्पाशी बोलायचं म्हणजे खडूनं. मोटारींवर गिऱ्हाइकाचं नाव घालायला दुकानात खडू असेच. लोखंडी टेबलावर लिहायचं, त्यानं वाचायचं, आणि मग तो जे उत्तर देई ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाई. बायको उमादेवी होती तोवर तीही ओरडून बोले आणि त्या घरात दोन भोंगे होते. ती दहा वर्षांपूर्वी गेली. आता दुकानात वर्षाराणी, खुर्चीवर बसून वायरची भेंडोळी सोडवणारा ईश्वरप्पा आणि मोटारी उचलायला केवळाबाई. पन्नाशीची केवळाबाई पाच एचपीची मोटर कमरेवर घेऊन अशी चाले की हाडं नावाची गोष्ट देवानं नेमकी कुणाला किती दिली, याचा हिशेब मांडावासा वाटे.

तर हळू बोलणाऱ्या लोकांशी निभावून न्यायला वर्षाराणीनं तीन वाक्यं तयार ठेवली होती. पहिलं, "हाव, बराबर." दुसरं, "बघू की, घाई काय हाय?" आणि तिसरं, "बरं झालं, कटकट गेली." मोटर दुरुस्तीच्या दुकानात लोक जे बोलतात त्यातल्या बहुतेकाला यातलं एखादं लागू पडतं. जुना पंप भंगारात घातला, लाइनमन बदलून गेला, शेजाऱ्यानं बोअरचा नाद सोडला, सगळ्याला "बरं झालं, कटकट गेली" चालतं. सोबत मान डोलवायची आणि जरा हसायचं. तीन वर्षांत कुणी तक्रार केली नव्हती.

पोळ्याच्या आठवड्यात औशाकडचा नरसिंग आपली विहिरीवरची मोटर घेऊन आला. पंचेचाळिशीचा, अबोल शेतकरी, जुनं गिऱ्हाईक. विहिरी भरलेल्या होत्या, त्यामुळे घाई नव्हती. दुपारची वेळ, ग्राइंडर बंद. नरसिंग स्टुलावर बसला आणि मान खाली घालून बराच वेळ बोलत राहिला. वर्षाराणीला त्याची टोपी तेवढी दिसत होती. तो थांबला तेव्हा तिनं ओळखलं की आता आपली पाळी. तिनं मान डोलावली, हसली आणि म्हणाली, "बरं झालं. कटकट गेली."

नरसिंगनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग उठला आणि गेला.

केवळाबाई दारात उभी होती. ती आत आली ती दोन्ही हात कमरेवर ठेवून, वर्षाराणीच्या तोंडासमोर तोंड आणून. "अवो ताई, त्याचा बाप मेलाय! परवा! शेवटचं तेवढं मी ऐकलं. आन् तुम्ही हसूलालाव?"

हे वर्षाराणीला स्वच्छ ऐकू आलं. केवळाबाईचा आवाज तसाच होता. त्या दिवशी तिनं तीन मोटारी ऐकल्या, तिन्हींचे निकाल बरोबर दिले, आणि तिला त्याचा जराही आनंद झाला नाही. बाप गेलेल्या माणसाला आपण हसून "कटकट गेली" म्हणालो, हे सारखं आठवून तिचे कान तापत होते. मोबाइलची सबब इथं चालेना. नरसिंग काही मोबाइलवर बोलत नव्हता.

तिनं डॉक्टरला कान दाखवायचं ठरवलं, पण लातुरात नाही. लातुरातल्या कानाच्या डॉक्टरांच्या पाण्याच्या मोटारीही तिच्याच दुकानात येत. तिनं सांगितलं की तांब्याची वायर आणायला नांदेडला जातेय, आणि सकाळची एसटी धरली.

नांदेडच्या त्या दवाखान्यात बहिऱ्या माणसांची गर्दी होती आणि एक हळुवार आवाजाची मुलगी दाराशी उभी राहून एकेकाचं नाव पुकारत होती. कुणी उठत नव्हतं. ती पुन्हा पुकारे, मग पुढचं नाव घेई, तेही बसून राही. तासाभरानं आपला नंबर तीनदा येऊन गेल्याचं वर्षाराणीला शेजारच्या बाईनं ढोसून सांगितलं. या दवाखान्याला एक मोटारीचा भोंगा भेट द्यावा, असा विचार करत ती आत गेली.

डॉक्टर बुद्धप्रिया तिशीची असेल. तिनं कानाकडे पाहिलंच नाही. आधी डोळ्यांत पाहिलं, मग उंचीकडे, मग समोर तोंड करून, सावकाश, मोठ्या आवाजात विचारलं, "हाडं किती वेळा मोडलीत?"

"अकरा," वर्षाराणी म्हणाली. "पण मी कानासाठी आलेय."

"कानासाठीच विचारतेय," डॉक्टर म्हणाली.

मग तिनं ट्यूनिंग फोर्क म्हणतात तो पोलादी चिमटा कोपरावर आपटला आणि त्याचा दांडा वर्षाराणीच्या कानामागच्या हाडाला टेकवला. बरोबर पेचकसाच्या मुठीच्या जागी. गुणगुण स्वच्छ ऐकू आली. मग डॉक्टरनं तोच चिमटा कानासमोर हवेत धरला. काही नाही. पुन्हा हाडाला लावला, गुणगुण. पुन्हा हवेत, शून्य.

वर्षाराणी चिमट्याकडे पाहत राहिली. "हे तर आमचंच काम हाय," ती म्हणाली.

डॉक्टरला तिनं पेचकसाची पद्धत सांगितली तेव्हा ती आधी हसली आणि मग कपाळाला हात लावला. म्हणाली, "म्हणून तुम्ही इतक्या उशिरा आलात. हवेतून येणारा आवाज तुमच्या कानात अर्ध्या वाटेवर अडतो. हाडातून गेलेला थेट आत पोचतो. त्यामुळे मोटर ऐकू येते, माणूस नाही." मग तिनं कागदावर कान काढून दाखवला. पडद्यामागे तीन हाडं असतात. तिसरं तांदळाच्या कणीएवढं, शरीरातलं सगळ्यांत लहान. हाडं ठिसूळ असणाऱ्या घराण्यांत ते तिशी-चाळिशीत जागेवर घट्ट बसतं किंवा चिरतं. उघडून पाहिल्याशिवाय नक्की काय झालं ते सांगता येत नाही.

"म्हणजे बारावं," वर्षाराणी म्हणाली. अकरा फ्रॅक्चरना लोक दूध घेऊन आले होते. हे बारावं तीन वर्षं डोक्यात घेऊन ती हिंडत होती आणि प्लास्टरवर नाव लिहायला कुणी आलं नव्हतं.

बंद खोलीत बसवून तिच्या दोन्ही कानांची तपासणी झाली आणि कागदावर दोन रेषा निघाल्या. खालची हवेची, ती पार तळाला गेलेली. वरची हाडाची, ती चांगली होती. पण डॉक्टरनं वरच्या रेषेच्या उजव्या टोकावर पेन ठेवलं. टोक खाली वाकलं होतं.

"हे बारीक, चिरके आवाज," ती म्हणाली. "हे आधी जातात. आतलाही भाग हळूहळू दमतोय. तो परत आणायला माझ्याकडे काही नाही. दर वर्षी तपासायचं, ग्राइंडरजवळ कान झाकायचे. खालच्या रेषेसाठी मशीन लावा, दोन्ही कानांना. ऑपरेशनही असतं, पण तुमची हाडं पाहता ते अशा कानांचा सराव असलेल्याकडेच करायचं, आणि हमी कुणी देणार नाही."

बारीक चिरका आवाज म्हणजे काय, हे वर्षाराणीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बेअरिंग बिघडायला लागलं की पहिल्या दिवसांत ते तसंच वाजतं, केसाएवढं बारीक. नंतर ते घरघरतं, तेव्हा ते म्हशीलाही कळतं. तिचं सगळं नाव त्या पहिल्या बारीक आवाजावर उभं होतं. तिला भीती वाटली, अगदी लहानपणी जिन्यावरून पाय घसरताना वाटायची तशी.

"मशीन न्हाई लावणार," ती म्हणाली. "कानात यंत्र घातलेल्या बाईकडं कोण मोटर ऐकायला आणंल?"

डॉक्टरनं कागद घडी करून तिच्या हातात दिला. "विचार करा," ती म्हणाली.

वर्षाराणी लातूरला उतरली ती वायर न घेताच. केवळाबाईनं रिकामी पिशवी उलटी करून झटकली तर त्यातून तो कागद पडला. ईश्वरप्पानं वायरचं भेंडोळं बाजूला ठेवलं, चष्मा लावला आणि कागद टेबलावर पसरला. दोन रेषांचा अर्थ काय, म्हणून त्यानं लेकीकडे पाहिलं. तिनं खडू घेतला आणि नाइलाजानं लिहिलं: खालची माणसांची. वरची पेचकसाची. आणि वाकलेल्या टोकाला बाण काढला.

ईश्वरप्पानं त्या बाणावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "माझीबी अशीच गेली आसंल."

हळू बोलणं म्हणजे काय, हे तो विसरून पंधरा वर्षं झाली होती. त्यामुळे पुढे त्यानं जे सांगितलं ते जन्मभर दडवलेलं गुपित होतं आणि समोरच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या सगळ्यांना ते शब्दन् शब्द ऐकू आलं.

"आधी माणसं गेली, मला फिकीर न्हाई वाटली. पेचकस व्हता. मग एक दिवस पेचकस लावला आन् काहीच न्हाई. मला वाटलं मोटरच बंद हाय. हात लावून बघितलं तर मोटर थरथरूलाली. दुसरी लावली, तिसरी लावली. राणी, त्या दिवशी मी संडासात जाऊन रडलो."

वर्षाराणीनं लिहिलं: कधी?

"तू एकोणीस वर्साची व्हतीस. कॉलेज सोडून दुकानात आलीस त्याच्या आदल्या महिन्यात." त्यानं चष्मा काढला. "लोक म्हणतेत, ईश्वरप्पानं पोरीला शिकवलं. म्या तुला काय शिकवलं? पेचकस तुझ्या हाडाला लावायचो आन् विचारायचो, सांग, काय म्हणतंय? तू खडूनं लिहायचीस. मी जरा डोळे बारीक करायचो, मान हलवायचो आन् तेच गिऱ्हाइकाला सांगायचो. तू चुकलीस तर मोटर परत यायची, तवा कळायचं. तुझ्या कानावर दोन वर्सं दुकान चालवलं म्या."

वर्षाराणीला ते दिवस आठवले. बाप समोर उभा आहे, गंभीर चेहरा, एक भुवई वर. तिनं "पुढलं" लिहिलं आणि त्याची भुवई हलली की तिला घाम फुटायचा. त्या भुवईला घाबरून ती रोज संध्याकाळी एकटीच जुनी बेअरिंगं लावून ऐकायची, फरक पाठ करायची. आणि त्या भुवईमागे काही नव्हतं. तिला इतका राग आला की तिनं खडू मोडला. अर्धा तुकडा घेऊन मोठ्या अक्षरांत लिहिलं: दोन वर्षं लबाडी?

"दोन वर्सं न् चार महिने," ईश्वरप्पा म्हणाला. त्याचे निळसर डोळे भरून आले होते, पण आवाज तसाच गल्लीभर. "मला लाज वाटायची. तुला वाटूलालीय तीच. पण मला तू व्हतीस, राणी. तुला कोण हाय?"

टपरीवर कुणीतरी चहाचा ग्लास ठेवल्याचा आवाज झाला. तो केवळाबाईला ऐकू आला, या दोघांना नाही.

वर्षाराणी दोन दिवस बापाशी बोलली नाही, म्हणजे तिनं खडू हातात घेतला नाही. ईश्वरप्पा दर तासाला रिकाम्या टेबलाकडे पाही आणि पुन्हा वायर सोडवायला लागे. तिसऱ्या दिवशी तिनं टेबलावर लिहिलं: नांदेडला जातेय. वायर आणायला नाही. खाली आणखी एक ओळ लिहिली: तुम्ही पण चला. ईश्वरप्पानं वाचलं आणि विचारलं, "मला आता काय करायचंय?" पण तोवर तो उठून टोपी शोधत होता.

त्याच्या तपासणीत दोन्ही रेषा तळाला निघाल्या. साध्या मशीननं भागणार नव्हतं. डॉक्टरनं दुसऱ्या एका ऑपरेशनचं नाव सांगितलं आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली. वर्षाराणीच्या कानांची मापं घेतली गेली आणि दोन आठवड्यांनी तिला मशीनं मिळाली. दोन्ही कानांमागे एकेक, बोटाच्या पेराएवढी. म्हणजे पेचकसाच्या मुठीची जागा गेली. ती मूठ कपाळाला लावून पाहिली, हनुवटीला लावून पाहिली, शेवटी दातांत धरली. दातांत उत्तम ऐकू येत होतं. फक्त निकाल देण्याआधी तोंड पुसावं लागे.

मशीनं लावून ती पहिल्यांदा दुकानात बसली तेव्हा तिला वाटलं दंगल झाली. शिरूरहून आलेला माणूस मोटर खाली ठेवून तिच्यापासून दोन हातांवर उभा राहिला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "ताईऽऽ! पाणी उचलंऽऽना!" तिनं दचकून टेबल धरलं. मागून दुसरा आला, तोही किंचाळला. मग दाराशी तिला केवळाबाईचा आवाज ऐकू आला, आत येणाऱ्या तिसऱ्याला बजावणारा. "मोठ्यानं बोला बरं का. ताईला कमी ऐकू येतंय."

"मावशी," वर्षाराणीनं विचारलं, "हे तुम्ही कवापासून सांगूलालाव?"

"तीन वर्सं झाली की," केवळाबाई म्हणाली. "का?"

म्हणजे तीन वर्षं अख्खा लातूर जिल्हा तिच्या दुकानात येऊन घसा फोडत होता, आणि ती सगळ्यांना हळू बोलणारे म्हणत होती. सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी मोटारी तिच्याकडेच येत होत्या. तिला हसू आलं, मग रडू आलं, मग पुन्हा हसू. मशीनांनी दुकानाचं काही बिघडलं नाही. उलट दोन दिवसांत बाजारात बातमी पसरली की वर्षाराणीनं बेअरिंग ऐकायला कानात कॉम्प्युटर बसवून घेतलाय, आणि गर्दी वाढली. तिनं ती बातमी खोडून काढली नाही.

एकच काम राहिलं होतं. नवरात्र संपल्यावर नरसिंग मोटर न्यायला आला.

तो दारातूनच ओरडला. तिनं हात वर केला. "हळू, नरसिंगभाऊ. आता येतंय ऐकू. बसा. मला तुमची माफी मागायचीय."

नरसिंग बसला नाही. त्याची नजर तिच्या कानावर गेली आणि त्याचा चेहरा पडला. "त्या दिवशी ऐकू आलं व्हतं?"

"एक अक्षर न्हाई. वडील गेल्याचं मला मागून कळलं. मी काहीबाही बोलले. लाज वाटली मला."

नरसिंगनं श्वास सोडला आणि मग स्टुलावर बसला. "माफी कशाची? तुम्हाला ऐकू येत न्हाई हे म्हाईत व्हतं. म्हणून तर तुमच्यापाशी बोललो." तो जरा ओशाळं हसला. "लई जण बोलतेत तुमच्यापाशी, ताई. देवळात गेलं तर पुजारी ऐकतो."

वर्षाराणीला ते सगळे आठवले. काम झालं तरी स्टुलावर रेंगाळणारे, मान खाली घालून पुटपुटणारे. त्यांना आपल्या दुकानातला चहा आवडतो, असं ती समजत होती.

"तुम्ही म्हणलाव, बरं झालं, कटकट गेली," नरसिंग म्हणाला. "औशापर्यंत रडत गेलो मी. तेराव्याला सारी भावकी समजूत घालायला आली, त्यातलं काई लागू पडलं न्हाई. तुमचं लागू पडलं."

"काय सांगितलं व्हतं तुम्ही?"

त्यानं पुन्हा तिच्या कानाकडे पाहिलं. "ते काढून ठिवता का जरा?"

मशीन काढणं सोपं होतं. दोन बोटांचं काम. काढलं असतं तर त्याला हवं ते मिळालं असतं आणि तिला काही कळलं नसतं. तिचा हात कानापर्यंत गेलाही. मग तिनं तो खाली घेतला. "न्हाई," ती म्हणाली. "सांगायचं आसंल तर आसंच सांगा."

नरसिंग उठून जाईल असं तिला वाटलं. तो उठला नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याशी बोलल्यासारखा बोलायला लागला.

"बाप तीन वर्सं खाटंवर व्हता. दिसभर हाका मारायचा. पाणी द्या, कूस बदला, माशी बसली. मी, बायको, पाळीपाळीनं. त्या दिवशी दुपारी मी गोठ्यापाशी बसलो व्हतो. दहा पावलं आसंल. हाक मारली त्यानं. मी ऐकली. म्हणलं, मारू दे. दुसरी मारली. म्हणलं, मारू दे. तिसरी जरा बारीक व्हती. तीबी ऐकली म्या आन् बसून ऱ्हायलो. मग उठून गेलो तर संपलं व्हतं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मला चांगलं ऐकू येतंय, ताई. लई चांगलं ऐकू येतंय."

बाहेर केवळाबाई कुणाला तरी मोटर उतरवायला सांगत होती. ईश्वरप्पा खुर्चीत वायर सोडवत होता, त्याला यातलं काही कळत नव्हतं.

"आता म्हणा की," नरसिंग म्हणाला. "मागच्यावाणी."

वर्षाराणीनं तोंड उघडलं. ते वाक्य तिला येत होतं, पण निघेना. "न्हाई म्हणता येणार, भाऊ," ती म्हणाली. "आता ऐकलंय मी."

त्यानं मान हलवली. टोपी घालायला त्यानं उचलली, तेवढ्यात तिनं आपलं स्टूल ओढून त्याच्यासमोर आणलं आणि बसली.

"वडलांचं नाव काय व्हतं?" तिनं विचारलं.

"शेषेराव," नरसिंग म्हणाला. हाक मारताना शेषेरावाचा आवाज कसा होता, तरुणपणी तो तीन शेतं ओलांडून कसा ऐकू यायचा, हे तो सांगायला लागला. तो बराच वेळ बोलला, आणि वर्षाराणीला ते सगळं ऐकावं लागलं.